पहा : अहिल्यानगर

ऑक्टोबर 2024 मध्ये आमच्या अहमदनगर जिल्ह्याचं नाव सरकारी दप्तरात बदलून अहिल्यानगर झालं. रबरी शिक्के करणाऱ्यांची, पाट्या रंगवणाऱ्यांची आणि लेटरहेड छापणाऱ्यांची दिवाळी त्या वर्षी जरा लवकरच आली. वादी बोलले, प्रतिवादी बोलले, ज्यांना काहीच म्हणायचं नव्हतं तेही अर्धा तास बोलले. ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या तालिकाकाराकडे मात्र कुणी फिरकलं नाही. खरं तर गावाचं नाव बदललं की पुढे काय करायचं, याचं शास्त्र जिल्ह्यात त्या एकट्यालाच येतं. म्हणजे यायला हवं. कुणी शिकवलं असतं तर नक्कीच आलं असतं.

हे शास्त्र फार सभ्य आहे. पुस्तकाच्या आतल्या नावाच्या पानावर जे छापलंय, ते तसंच उतरवायचं. 1884 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड 'अहमदनगर' या नावाने निघाला, तो प्रलयापर्यंत त्याच नावाने राहील. मात्र जिल्ह्यावर पुस्तकं शोधणाऱ्या वाचकासाठी विषयाचं शीर्षक आजच्या नावाचं करायचं आणि जुन्या नावाच्या जागी एक कार्ड ठेवायचं : 'अहमदनगर – पहा – अहिल्यानगर'. वॉशिंग्टनचं लायब्ररी ऑफ काँग्रेसही गावाचं नुसतं नाव बदललेलं असलं तर विषयाला नवंच नाव लावतं आणि जुन्यावरून वाट दाखवतं. कुणाचा अपमान नाही, कुणाचा मोर्चा नाही. जुनं नाव घेऊन आलेल्या म्हाताऱ्यालाही पुस्तक मिळतं आणि नवं नाव घेऊन आलेल्या पोरालाही. नुसतं 'नगर' म्हणणाऱ्यांसाठी तिसरं कार्ड लागेल, आणि सगळ्यात जास्त झिजेल तेच.

शास्त्र न शिकलेल्या माणसाच्या हाती संगणक दिला की काय होतं, तेही ऐका. तो सगळ्या नोंदी एकदम निवडतो आणि एका बटणात 'अहमदनगर'चं 'अहिल्यानगर' करतो. झालं. 1595 साली चांदबिबी अहिल्यानगरचा किल्ला लढवू लागते. निजामशाहीची राजधानीही अहिल्यानगर होते. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला अहिल्याबाई होळकरांचा जन्म 1725 चा, म्हणजे त्यांच्या जन्माच्या 130 वर्षं आधीच गावाला त्यांचं नाव लागलेलं. इतिहासाची एवढी मोडतोड करायला एरवी एखादी समिती नेमावी लागते.

नावानंतर प्रश्न जागेचा. नगरचं जिल्हा वाचनालय 1838 चं. मेल्विल ड्यूईने पुस्तकं आकड्यांनी विषयवार लावायची आपली दशांश पद्धत छापली 1876 साली. म्हणजे ड्यूईची पद्धत जन्मायच्या आधीपासून आमच्याकडे पुस्तकं वाचली जातायत. ती कुठे ठेवायची, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत ज्याचा तो सोडवतोय.

ड्यूईला नगर जिल्हा माहीत नव्हता, हे त्याचे आकडे बघितले की लगेच कळतं. त्याच्याकडे सहकार 334 मध्ये, ऊस शेतीत म्हणजे 633.61 मध्ये, साखर कारखानदारी 664.1 मध्ये आणि निवडणुका 324 मध्ये. चार विषय, चार कपाटं. नगरात हे चारही विषय एकाच गाडीतून उतरतात. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यावरचं पुस्तक त्याचे संस्थापक विठ्ठलराव विखे पाटलांसाठी चरित्रात ठेवायचं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांसाठी अर्थशास्त्रात ठेवायचं, की पंचक्रोशीतला वाचक ज्या हेतूने ते मागतो त्या हेतूने राजकारणात? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1933 साली द्विबिंदू पद्धत काढली ती असल्याच गुंतागुंतीसाठी. विषयाचे तुकडे करायचे आणि मध्ये चिन्हं टाकून ते जोडायचे. आमच्याकडे सहकार आणि राजकारण यांच्यामध्ये चिन्ह टाकायलाही जागा नाही, हा भाग वेगळा.

ज्ञानेश्वरीचं बघा. नेवाशाला सांगितली गेली, त्यामुळे जिल्ह्याचा तिच्यावर पहिला हक्क. गीतेवरची टीका म्हणून 294.5924 मध्ये घातली तर कवितेच्या कपाटापाशी उभा असलेला वाचक रिकाम्या हाताने परत जातो. मराठी काव्य म्हणून 891.461 मध्ये घातली तर वारकरी रागावतो. पुस्तकावर नाव कधी 'ज्ञानेश्वरी', कधी 'भावार्थदीपिका'. कर्ता कधी ज्ञानेश्वर, कधी ज्ञानदेव. शिकलेला तालिकाकार एक नाव प्रमाण धरतो, बाकीची त्याला जोडतो आणि कुठे ठेवायची ते एकदाच ठरवून कागदावर लिहून ठेवतो. न शिकलेला तालिकाकार दर प्रतीला नवा निर्णय घेतो. मग एकाच वाचनालयात ज्ञानेश्वरी पाच ठिकाणी असते आणि मागायला गेलं की 'बाहेर गेलीय' असं उत्तर मिळतं.

सगळ्यात मोठी गंमत नावांची. संगणकात लेखकाचं नाव जसं दिसलं तसं भरायचं, असा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळे 'ड'मध्ये सगळे डॉक्टर जमा होतात आणि 'प्र'मध्ये सगळे प्राध्यापक. महात्मा फुले, महात्मा गांधी, महर्षी कर्वे आणि महर्षी शिंदे 'म'मध्ये पंगतीला बसतात. आमच्या नगरच्या टिळकांची तर ताटातूटच होते. नारायण वामन टिळक रेव्हरंड म्हणून 'र'मध्ये जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई 'ल'मध्ये पडतात आणि त्यांच्या शेजारी येऊन बसतात लोकमान्य. ज्या बाईंनी नवऱ्याच्या धर्मांतरानंतर तुटलेला संसार पुन्हा जोडला, त्यांचा संसार डेटा एंट्रीवाल्याने एका दुपारात मोडला. आडनाव आधी लिहिलं असतं तर तिघंही 'टिळक' या एका घरात नांदले असते. पुण्याचे वरच्या मजल्यावर, नगरचे खालच्या.

टोपणनावांचं आणखी वेगळं. कविता कुसुमाग्रजांच्या आणि नाटकं शिरवाडकरांची. दोन्ही नावं ठेवायची आणि एकावरून दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. साईसच्चरित लिहिणारे हेमाडपंत म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकर. शिर्डीत हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे, पण संगणकाला कुणीतरी सांगावं लागतं. शिवाय यादवांचा मोडीवाला हेमाडपंत निराळा, हेही सांगावं लागतं. विभावरी शिरूरकर, मालतीबाई बेडेकर आणि बाळूताई खरे या तिघी एकच बाई आहेत, हे सांगावंच लागतं. आणि दाते? पंचांगाचे दाते वेगळे, शब्दकोशाचे यशवंत रामकृष्ण दाते वेगळे आणि सूचीचे शंकर गणेश दाते वेगळे. गंमत म्हणजे तिसऱ्या दात्यांनीच 1800 ते 1937 आणि पुढे 1950 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची करून तालिकाकारांचं निम्मं काम सोपं करून ठेवलं, आणि शरद केशव साठ्यांनी ते पुढे नेलं. त्या सूचीचे खंड ज्या ग्रंथालयांत आहेत, तिथे ते संदर्भ विभागात बंद कपाटात असतात. कपाटाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई पंचायत समितीत.

आता हे सगळं शिकायचं कुठे? पहिला दरवाजा जिल्हा ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र वर्ग. काही महिन्यांचा वर्ग, मग परीक्षा. त्यापुढे पदवी हवी असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, पुण्याचं विद्यापीठ आहे. वर्ग वाईट नसतात. माझी तक्रार त्यानंतरच्या तीस वर्षांबद्दल आहे. डॉक्टर, वकील, अगदी विमा एजंटसुद्धा अधूनमधून नवं काहीतरी शिकून येतो. तालिकाकार एकदा शिकतो, तेही साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या कार्डावर पहिली उभी रेघ कुठे नि दुसरी कुठे, हे पट्टीने आखून. मार्क मिळतात रेघांना. नोकरीत समोर येतो संगणक. त्यात रेघाच नाहीत. तालिकीकरणाच्या ज्या नियमांवर आपण परीक्षा घेतो त्यांच्या जागी 2010 साली नवे नियम आले, 2013 साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते लागूही केले. आमच्याकडे ती बातमी पोचलीय, नियम अजून वाटेत आहेत.

वाटेत असण्याचं कारण साधं आहे. ते नियम वर्गणी भरून वाचायचे, आणि वर्गणी परकी चलनात. ड्यूईची ताजी आवृत्तीही तशीच. अमेरिकेतल्या ओसीएलसी संस्थेची 'क्लासिफाय' म्हणून एक फुकट सोय होती, पुस्तकाचं नाव टाकलं की जगात त्याला कोणता वर्गांक दिलाय ते दिसायचं. जानेवारी 2024 मध्ये तीही बंद झाली. ड्यूई फुकटात हवाच असेल तर 1876 ची पहिली आवृत्ती इंटरनेटवर आहे, 44 पानांची. तिच्यात विमानसुद्धा नाही.

आमच्या वाचनालयांची ऐपत बघा. सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 30 हजार सरकारी अनुदान होतं. 2022 च्या 60 टक्के वाढीने त्याचे 48 हजार झाले. म्हणजे तेव्हा महिन्याचे 4 हजार. यात ग्रंथपाल, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज आणि पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्याची डागडुजी. यातून वर्गणी भरा म्हणणाऱ्याला मी कोपरापासून नमस्कार करतो.

फुकट मिळणाऱ्या वस्तूंत सगळ्यात मजेशीर वस्तू वॉशिंग्टनची. अमेरिकेच्या पीएल 480 कायद्याखाली आलेला गहू आपण खाल्ला, त्याचे पैसे रुपयांत चुकवले आणि 1962 पासून त्या रुपयांतून अमेरिकेने आपलीच पुस्तकं विकत घ्यायला सुरुवात केली. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीचं कार्यालय आजही मराठी पुस्तकं गोळा करतं. त्यामुळे मराठी पुस्तकाची वळणदार नोंद पोटोमॅक नदीच्या काठी असते आणि सीना नदीच्या काठी त्याच पुस्तकाचा नुसता दाखल क्रमांक असतो. 'कोहा'सारख्या मोफत प्रणालीतून ती नोंद घरबसल्या उतरवून घेता येते. फक्त बहुतेक नोंदी रोमन लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर आडव्या रेघा आणि पायाशी टिंबं. मराठी वाचकाने आपल्या भाषेतलं पुस्तक शोधायला ती टिंबं कुठून आणायची? इकडे आपल्या जुन्या देवनागरी नोंदी युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टांत अडकलेल्या. फॉन्ट गेला की ज्ञानेश्वरीच्या जागी चौकोन, उद्गारचिन्हं आणि डॉलर. डॉलर शेवटी आमच्या संगणकात आले ते असे.

तरी वॉशिंग्टनला जे जमणार नाही, ते इथल्या माणसाला जमतं. नेहरूंचं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' 1946 साली कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने छापलं, म्हणून नोंदीत कलकत्ता. मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं उर्दू वाङ्मयात. पण दोन्हींचा मजकूर आमच्या भुईकोट किल्ल्यात, कैदेत लिहिलेला. 'नगरच्या किल्ल्यात लिहिलं' एवढी एक ओळ टीपेत घातली, तर किल्ल्यावर प्रकल्प करायला आलेल्या शाळकरी पोराला दोन्ही पुस्तकं एका शोधात सापडतात. ही ओळ घालायला वर्गणी लागत नाही. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, जया दडकर आणि मंडळींचा संक्षिप्त वाङ्मयकोश मोठ्या ग्रंथालयांत आहे. लेखकांची खरी नावं, जन्मसालं, टोपणनावं, सगळं त्यात. लागतो तो फक्त वेळ आणि कुणीतरी शेजारी बसून दाखवणारा.

आम्ही मात्र दाखवत नाही, सत्कार करतो. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन. रंगनाथनांच्या फोटोला हार, ग्रंथपालाला शाल, श्रीफळ आणि गुच्छ. प्रमुख पाहुणे म्हणतात की वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे. ते पाहुणे कधी वाचनालयात पुस्तक मागायला आले असते तर त्यांना कळलं असतं की संस्कृती जागेवरच आहे, पुस्तक सापडत नाहीये. वर्षातून एखादी कार्यशाळाही होते. विषय 'डिजिटल युगातील ग्रंथालयांसमोरील आव्हाने'. दुपारी जेवण, नंतर प्रमाणपत्र. आव्हानं तशीच ताटकळत राहतात.

माझी सूचना छोटी आहे. पुढच्या 12 ऑगस्टला शालीचे पैसे वाचवून जिल्ह्यातल्या तालिकाकारांना एका टेबलाभोवती बसवा. अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंतचे सगळे. भाषण नको, फोटो नको. प्रत्येकाने आपल्याला अडलेलं एक पुस्तक घेऊन यायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याचं नाव, कर्ता आणि जागा ठरवून एका सामाईक यादीत लिहायचं. पहिलं पुस्तक मीच सुचवतो, बाळासाहेब विखे पाटलांचं आत्मचरित्र 'देह वेचावा कारणी'. कर्त्याचं पाळण्यातलं नाव एकनाथराव, लोकांतलं बाळासाहेब. आडनाव 'व'मध्ये घ्यायचं की 'प'मध्ये? नियम सांगतो की माणूस स्वतः आपलं आडनाव जसं लावतो तसं घ्या, म्हणजे 'व'मध्ये. पाच मिनिटांचं काम. धोका एवढाच, की बैठकीचा विषय बाहेर फुटला तर 'व'वाले आणि 'प'वाले असे दोन गट पडतील आणि यादीची निवडणूक लागेल.