उकळत्या पाण्याने दिल्लीची उंची मोजा: नवशिक्यांसाठी

हिप्सोमीटर, म्हणजे पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून उंची काढायचं उपकरण, विकत घेण्याआधी एकदा ठरवा, तुम्हाला जमिनीचीच उंची मोजायची आहे ना? दिल्लीत माणसाची उंची मोजायची तर सरकारी क्वार्टरचा टाइप विचारला की भागतं, त्यासाठी पाणी तापवावं लागत नाही.

उपकरण साधं आहे. खाली स्पिरिटचा दिवा, वर पितळी भांडं, त्यावर दुहेरी नळी आणि तिच्यात बुचातून सोडलेला थर्मामीटर. थर्मामीटरचा फुगा पाण्यात बुडवू नका, वाफेत लोंबू द्या. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी उत्कलनबिंदू किंचित चढतो, पण फुग्यावर पाणी होऊन ओघळणाऱ्या वाफेला त्या क्षारांचं सोयरसुतक नसतं. वाफेला बाहेर पडायला वाट ठेवा. घरचा कुकर वापरायचा मोह आवरा. शिट्टीपर्यंत पारा 120 अंशांच्या आसपास जाईल आणि उत्कलनबिंदूवरून उंची सांगणाऱ्या कोष्टकानुसार तुमचं स्वयंपाकघर समुद्रसपाटीच्या सहाएक किलोमीटर खाली निघेल.

हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदू बदलतो, हे फॅरनहाइटने 1724 मध्ये प्रसिद्ध केलं. साधारण त्याच सुमारास इथे सवाई जयसिंग जंतरमंतर उभारत होते, म्हणजे मोजमापांसाठी शहर तसं नवखं नाही. उंच जागी डोक्यावरची हवा कमी, दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. ढोबळ हिशेब असा: दर 300 मीटरला एक अंश सेल्सिअस.

आता प्रत्यक्ष मोजणी. यमुनाकाठ समुद्रसपाटीपासून सुमारे 200 मीटरवर आहे आणि दक्षिण दिल्लीतल्या रिजचा माथा 320 मीटरच्या आत. अख्खी दिल्ली पाऊण अंशाच्याही आत बसते. तेव्हा एकेक अंशाच्या खुणांचा बाजारू थर्मामीटर घेऊन निघालात तर नदी आणि डोंगर एकाच रेघेवर येतील. कुतुबमिनार 72.5 मीटर, म्हणजे जेमतेम पाव अंश; त्याचा जिनाही 1981 पासून बंद आहे. रायसीनाच्या ज्या चढावरून लट्यन्स आणि बेकर यांचं बिनसलं, तो तर अंशाच्या दहाव्या भागातही भरत नाही. वास्तुविशारदांची भांडणं या यंत्राने मिटत नाहीत.

दहाव्या हिश्शाच्या खुणांचा चांगला थर्मामीटर मिळाला की खरी गंमत सुरू होते. करोलबागेतल्या घरी जानेवारीत पाणी साधारण 99.4 अंशांवर उकळेल आणि जूनअखेरीस 98.8 वर. घर हललेलं नाही. उन्हाळ्यात उत्तर भारतावर कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि हिवाळ्याच्या तुलनेत हवेचा दाब सुमारे 20 हेक्टोपास्कलने उतरतो. कोष्टक मात्र प्रामाणिकपणे सांगेल की करोलबाग पावणेदोनशे मीटर वर उचललं गेलं आणि रिज त्याच्या पायाशी आली. घरमालकाला हा आकडा दाखवू नका.

उपाय जुना आहे. तुम्ही पाणी उकळता त्याच वेळी माहीत उंचीच्या ठिकाणचा दाब घ्या आणि फरकावरून हिशेब करा. सफदरजंगची वेधशाळा 216 मीटरवर आहे, ती चालेल. पण दाब तिथून तयारच मिळतो, तर आपण दिवा कशाला पेटवला, असा प्रश्न घरातलं कुणीतरी विचारेलच. उत्तर तयार ठेवा.

यंत्र शहरात फिरवणं जरा अवघड आहे. सर्वेक्षण खात्याचे पंडित नैनसिंग रावत 1865 मध्ये यात्रेकरूच्या वेशात ल्हासाकडे निघाले, तेव्हा थर्मामीटर पोकळ काठीत लपवला होता आणि पावलं मोजायला 108 ऐवजी 100 मण्यांची जपमाळ होती. वाटेत पाणी उकळून त्यांनी उंच्या काढल्या. तिबेटच्या पहारेकऱ्यांपुढे हे निभावलं. राजीव चौक मेट्रोच्या एक्सरे यंत्रापुढे पितळी नळी आणि स्पिरिटची बाटली निभावणार नाही. रिक्षा करा.

त्यापेक्षा सुट्टीत मसुरी गाठा. नैनसिंगांना तयार करणारं सर्वेक्षण खातं खाली डेहराडूनला, जॉर्ज एव्हरेस्टचं घर वर मसुरीत. तिथे 2000 मीटरवर पाणी 93 अंशांच्या आसपास उकळतं, हवामानाची खोड असली तरी डोंगर मोजता येण्याजोगा उरतो. फक्त हॉटेलच्या खोलीत दिवा लावायची परवानगी आधीच घ्या, आणि डाळ शिजायला वेळ लागला तर स्वयंपाक्याशी वाद घालू नका.