खरेदीखताआधी फरशी बसवणाऱ्या साहेबांस

राजमान्य राजश्री साहेबांचे सेवेसी, कासू पंचक्रोशीतील समस्त घरविक्यांचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

साहेब म्हणजे कोणी एक इसम नव्हे, ती एक जमात आहे. ती शनिवारी दिवा-रोहा गाडीने उतरते किंवा गोवा हायवेची धूळ खात येते, गावठाणातलं कौलारू घर हेरते, मालकाच्या हातावर टोकन ठेवते आणि पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून निर्धास्त होते. पेणच्या दुय्यम निबंधक कार्यालयातलं खरेदीखत काय, होईल सावकाश! घाई असते ती गणपतीची. पेणची मूर्ती यंदा नव्या घरातच बसली पाहिजे. मग मालकाकडून किल्ली मागून घ्यायची आणि सोमवारी गवंडी कामाला लावायचा.

मालक किल्ली हसतमुखाने देतात. का देऊ नये?

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या विक्रीच्या करारातून मिळकतीत कसलाही हक्क निर्माण होत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव मालकाचं, महावितरणचं बिल मालकाचं, तेव्हा साहेबांनी बसवलेला ग्रॅनाइटचा ओटाही मालकाचाच. सद्भावनेने सुधारणा करणाऱ्याला कलम ५१ थोडा हात देतं खरं, पण आपण पूर्ण मालक आहोत असं त्याला प्रामाणिकपणे वाटत असलं पाहिजे. साहेबांना तर खरेदीखत बाकी आहे हे पक्कं ठाऊक असतं. तारीख तेच पुढे ढकलत असतात.

“पण ताबा आमच्याकडे आहे ना!” हे साहेबांचं आवडतं वाक्य. ताब्याला संरक्षण देणारं कलम ५३-अ आहेच, मात्र २४ सप्टेंबर २००१ पासून ते नोंदणीकृत करारालाच लागू होतं. शिवाय ती ढाल फक्त विकणाऱ्यापुरती, तिऱ्हाइतापुढे तिचा उपयोग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगून ठेवलंय. बरं, करार नोंदवावा, तर ताबा देणाऱ्या साठेकरारावर महाराष्ट्रात खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क पडतं. ते वाचवायलाच तर साहेबांनी नोटरी गाठलेला असतो. वाचलेल्या पैशात टाइल्स येतात, आणि त्या राहतात मालकाला.

व्यवहार मोडलाच, तर दिलेल्या रकमेसाठी विकणाऱ्याच्या हिश्श्यावर साहेबांचा बोजा राहू शकतो, कलम ५५ तेवढी सोय करतं. त्यात टाइल्सचा उल्लेख नाही. तो खर्च दिवाणी कोर्टात भांडून मिळाला तर मिळाला.

खरी गंमत ताईंची. घर वडलांच्या नावावर, वडील वारलेले, नोटरीवर सह्या दोन भावांच्या. ताई दिल्या भांडुपला, त्यांना कोणी विचारलेलं नसतं. वास्तविक १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टाच्या घरात मुलगी वारस आहे. वडिलोपार्जित घरात २००५ च्या दुरुस्तीने तिला मुलाइतका हक्क मिळाला, आणि त्यासाठी त्या वर्षी बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. गळक्या कौलांचं घर असताना ताईंनी हक्कसोडपत्रावर डोळे झाकून सही केली असती. आता त्या एकदा येतात, ओट्यावरून हात फिरवतात, कमोडचा फ्लश दाबून बघतात आणि म्हणतात, “दादा, एवढ्या चांगल्या घराचे एवढेच पैसे?” दादालाही तोच प्रश्न पडलेला असतो. साहेबांच्या पैशाने घराचा भाव वाढला, आता तो वाढीव भाव साहेबांनीच द्यायचा.

अलीकडे काही गिऱ्हाइकं फार त्रास देतात. वारसनोंद झाली का विचारतात, सगळ्या भावाबहिणींच्या सह्या मागतात. काम आधी करायचंच असेल तर करार नोंदवून घेतात आणि ‘व्यवहार मोडल्यास कामाचा खर्च मालक देईल’ असं त्यात लिहून घेतात. नाहीतर खरेदीखत होईपर्यंत टेप लावून मापं तेवढी घेऊन जातात, खिळासुद्धा ठोकत नाहीत. अशांच्या संगतीपासून साहेबांनी दूर राहावं.

दोन किरकोळ विनंत्या. कौलं उतरवून पत्रे घालायचे तर मेअखेर उरकावं, इथला जूनचा पाऊस कोणाची वाट बघत नाही. आणि बाथरूमच्या टाइल्सचा रंग ठरवण्याआधी मालकांच्या मंडळींना एकदा विचारावं, त्यांना फिकट निळा आवडतो.

कळावे, लोभ असावा.

साहेबांचे कृपाभिलाषी,
समस्त घरविके, कासू पंचक्रोशी