संसदीय सरकार बसवून घेणाऱ्या अमेरिकी राज्यांसाठी मार्गदर्शिका

अमेरिकेत पन्नासही राज्यांत गव्हर्नर थेट लोकांतून निवडतात आणि विधिमंडळ वेगळे. दोघांचे बिनसले की कारभार ठप्प. इलिनॉयने २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षे पूर्ण अर्थसंकल्पाविना काढली. आपल्याकडे अर्थसंकल्प पडला की सरकारच घरी जाते. तेव्हा ज्या राज्यांना ही सोय हवीशी वाटते, त्यांनी महाराष्ट्राचा अनुभव पदरात पाडून घ्यावा.

सुरुवात डेलावेअरने करावी. बाकीच्या ४९ राज्यांत राज्यघटना बदलायला मतदारांचा कौल लागतो. डेलावेअरमध्ये विधिमंडळच परस्पर उरकते. ही सवय पुढे फार उपयोगी पडेल.

मग हॉटेल बघावे. या बाबतीत टेक्सासचा हात धरणारे कमी. २००३ मध्ये तिथले पन्नासहून अधिक डेमोक्रॅट आमदार गणसंख्या मोडायला ओक्लाहोमातल्या आर्डमोर गावी जाऊन राहिले. पण एवढा खर्च करून मागितले काय, तर मतदारसंघांच्या फेररचनेचे एक विधेयक अडवणे! संसदीय पद्धतीत तेवढ्याच भाड्यात अख्खे सरकार बदलून मिळते. जून २०२२ मध्ये शिवसेनेतून फुटलेले आमचे आमदार आधी सुरतेला, मग गुवाहाटीला गेले. परतले ते सत्तेत बसायलाच. हॉटेल परराज्यात असावे, तिथले सरकार आपल्याला अनुकूल असावे. झाडी, डोंगर ओघाने आलेच.

पक्षांतरबंदी कायदा अवश्य करावा. आमचा १९८५ चा आहे. त्यात एकटा फुटला तर आमदारकी जाते, म्हणून एकट्याने फुटू नये. निवाडा विधानसभा अध्यक्षांकडे सोपवावा, म्हणजे घाई होत नाही. २०२२ च्या फुटीचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये लागला, आणि दोन्ही गटांतले कोणीच अपात्र ठरले नाही. इतका समतोल न्याय लोकांतून निवडलेल्या गव्हर्नरला जमला असता का?

त्या गव्हर्नरची निवडणूक बंद करून नेमणूक वॉशिंग्टनहून व्हावी. माणूस पहाटे उठणारा हवा. २३ नोव्हेंबर २०१९ ला आमच्याकडे राष्ट्रपती राजवट उजाडायच्या आत उठली आणि लोकांचा चहा व्हायच्या आत शपथविधी झाला. ते सरकार २६ तारखेलाच गेले, पण त्यात राजभवनाच्या तत्परतेचा दोष नाही.

राहिले मुख्यमंत्री. त्यांनी बहुमत चाचणीआधी भावनेच्या भरात राजीनामा देऊ नये. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २०२२ च्या फुटीनंतर राज्यपालांनी चाचणी लावणेच चुकीचे होते. पण तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी आपणहून पद सोडल्याने त्यांना परत बसवता येत नाही. म्हणून हरणार हे ठाऊक असले तरी सभागृहात जाऊन रीतसर हरावे आणि कामकाजाच्या नोंदीची प्रत वकिलाकडे द्यावी.