पाठकोरा कादंबरीकार

मराठी कादंबरीकार घरात ओळखू येत नाही. बनियनवर वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो, गॅसचा नंबर लावला का म्हणून विचारत असतो. त्यात कादंबरीकारपण असं काही नसतं. त्याला गाठायचं तर घराबाहेर. खांद्याला शबनम, सदऱ्याच्या खिशाला दोन बॉलपेनं (त्यांतलं एक चालतं, कोणतं ते त्यालाही माहीत नसतं) आणि चालता चालता मध्येच थबकायची खोड. मंडईत दोन बायका गवारीच्या भावावरून हुज्जत घालत असल्या तर हा गवार न घेता तिथेच रेंगाळतो, नजर भलतीकडे लावतो आणि तळहाताएवढ्या कागदावर काहीतरी खरडतो. मग निष्कारण खळबळ माजते. पाटीवालीला वाटतं, अतिक्रमणवाले आले. ती पाटी उचलून चालू लागते. एसटीत कंडक्टरला वाटतं, तपासनीस चढलाय; तो शेवटच्या बाकापर्यंत जाऊन पुन्हा एकदा तिकिटं विचारून येतो. लग्नात वधूपक्षाची खात्री होते की मानपान टिपायला वरपक्षाने माणूस बसवलाय, आणि याच्या पानात जिलबी जरा जास्तच पडते. साहित्याने समाजात काही घडवावं की नाही यावर आपल्याकडे इतके परिसंवाद झाले, पण साहित्य लिहून होण्याआधीच समाजात होणारी ही धावपळ कुणाच्या विषयपत्रिकेवर आली नाही.

या खोडीमागची रूढ समजूत अशी की कल्पना चंचल असते, कुठेही येते आणि कुठेही सोडून जाते, म्हणून लेखकाने सदैव तयारीत असावं. समजूत शहाणपणाची वाटते. पुरावा मात्र उलटा बोलतो, आणि तो दर धुण्याच्या दिवशी गोळा होतो. कादंबरीकाराच्या खिशांतून काय निघतं? पीएमपीचं तिकीट, आहेराचं रिकामं पाकीट, औषधांची पावती, कुठल्याशा शोकसभेचं पत्रक, उडप्याचं बिल. सगळे पाठकोरे आणि सगळ्यांच्या पाठीवर टिपणं. खास टिपणांसाठी घेतलेली वही शबनममध्ये असते, ती कोरी. हा निव्वळ गबाळेपणा असता तर वही तरी अधूनमधून भरली असती. माझं म्हणणं असं आहे की घराबाहेर कल्पना येते याचं कारण तिथे लिहायची सोय नसते हेच. टेबलाशी सुचलेल्या कल्पनेला लगेच कामाला जुंपावं लागतं. ती चालते की नाही ते पाच मिनिटांत कळतं, आणि बहुधा चालत नाही. तिकिटाच्या पाठीवर आलेलीला कुणी जाब विचारत नाही. कागद संपला म्हणून तिथे थांबता येतं, आणि दोष कागदाचा ठरतो.

वहीचं दुखणं समजून घ्यायला ब्रूस चॅटविनपाशी जावं लागेल. या इंग्रज भटक्या लेखकाला पॅरिसच्या एका दुकानातल्या काळ्या मेणकापडी वह्या लागत. पहिल्या पानावर तो आपलं नाव-पत्ता घाली आणि सापडलेली वही आणून देणाऱ्याला बक्षीस जाहीर करी. पासपोर्ट हरवला तर चालेल, वही नको, असा त्याचा हिशेब. पुढे वह्या करणारा कारखानाच बंद पडला. हे रामायण त्याने ‘द साँगलाइन्स’ या 1987 सालच्या पुस्तकात लिहून ठेवलं, त्यावरून दहा वर्षांनी मिलानच्या एका कंपनीने तशाच वह्या ‘मोलेस्किन’ नावाने बाजारात आणल्या, आणि आता अमेरिकेतला भाचा मामाला काय न्यायचं हा प्रश्न पडला की तीच वही घेऊन येतो. तिच्या पहिल्या पानावर बक्षिसाच्या रकमेसाठी जागा छापलेलीच असते. आपला कादंबरीकार अडतो तो इथे. पन्नास रुपये लिहावेत तर आपणच आपल्या प्रतिभेचं मोल पाडल्यासारखं होतं. पाच हजार लिहावेत तर वही हरवण्यात घरातल्यांनाच रस निर्माण व्हायचा. शिवाय इतक्या गुळगुळीत, इतक्या महाग कागदावर ‘काकू. दार. विश्वासघात?’ असं लिहायला हात धजत नाही. तिथे काहीतरी वहीला शोभेलसं सुचायला हवं, आणि शोभेलसं सुचायला हवं असं मनात आलं की माणूस घरच्या टेबलाशी परत पोहोचलाच.

उलट बाजूचा पुरावा थॉमस हार्डीचा. ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ (1874) लिहीत असताना तो गावाकडे पायी हिंडे, आणि सुचायचं नेमकं खिशात कागद नसताना. मग झाडाची मोठी वाळकी पानं, लाकूडतोड्यांनी टाकलेल्या ढलप्या, दगडाचे तुकडे, जे हाती येईल त्यावर तो लिही. खिसाभर कागद घेऊन निघालो की नेमकं काही सुचत नाही, अशी त्याची तक्रार होती. (ही माहिती त्याच्या चरित्रात आहे. चरित्र पत्नीच्या नावावर प्रसिद्ध झालं असलं तरी त्याचा बराचसा भाग खुद्द हार्डीनेच लिहून ठेवला होता, तेव्हा साक्षीदार जवळचा आहे.) दुसरी साक्ष जे. के. रोलिंग यांची. 1990 साली मँचेस्टरहून लंडनला जाणाऱ्या रखडलेल्या गाडीत हॅरी पॉटर सुचला तेव्हा त्यांच्याकडे चालणारं पेन नव्हतं, आणि शेजाऱ्याकडे मागायला संकोच वाटला. म्हणून त्या गाडी पोहोचेपर्यंत नुसत्या विचार करत बसल्या. त्या डब्यात एखादा उदार मराठी माणूस असता, त्याने खिशातलं पेन पुढे केलं असतं, तर जगाचं किती नुकसान झालं असतं कोण जाणे. अर्थात तो पेन देऊन गप्प बसला नसता, काय लिहिताय म्हणून विचारलं असतं, ही गोष्ट वेगळी.

इथे जाणकार वाचक व्लादिमीर नबोकोव्ह पुढे करतील. हा तर जय्यत तयारीचा लेखक. उन्हाळ्यात फुलपाखरं पकडायला अमेरिकेच्या पश्चिम भागात हिंडायचा, पत्नी व्हेरा गाडी चालवायची, कारण याला ती येत नव्हती, आणि ‘लोलिता’चा मजकूर चौकोनी जाड कार्डांवर उतरत जायचा. आक्षेप वजनदार आहे. पण दोन गोष्टी पाहाव्यात. बाहेर पडायचं प्रयोजन फुलपाखरू होतं, कादंबरी ही बरोबर आलेली. आणि तो लिहायला बसे तो उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर, कारण गोंगाट नाही आणि वाऱ्याचा झोत नाही अशी अमेरिकेतली तेवढीच एक जागा, असं त्याचं मत. म्हणजे त्याने बाहेर जाऊन दार लावून घेतलं होतं. अँथनी ट्रॉलपने तेच आगगाडीत केलं. टपाल खात्यातल्या नोकरीपायी सतत फिरती. मांडीवर घ्यायची फळी करून घेतली, ‘बार्चेस्टर टॉवर्स’चा मोठा भाग पेन्सिलीने डब्यात लिहिला आणि पत्नीने तो नंतर उतरवून काढला. घरी असला की समोर घड्याळ ठेवून पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. अशा माणसाला काही ‘सुचत’ नसतं, तो लिहितो. त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. मरणोत्तर आत्मचरित्रातून हा हिशेब बाहेर आला तेव्हा त्याची वाङ्मयीन पत घसरली, यावरून वाचकांनाही तिकिटाच्या पाठीवर लिहिणारा लेखकच अधिक खरा वाटतो असं दिसतं. राहता राहिली टॉमस हॉब्जची काठी, जिच्या मुठीत दौत-लेखणी बसवलेली होती. फिरायला जाताना सुचेल ते तो लगेच टिपून ठेवी, आणि त्यातून ‘लेव्हायथन’ झालं. पण हॉब्ज तत्त्वज्ञ होता. तत्त्वज्ञाला गवारीच्या भावावरची हुज्जत ऐकायची नसते, तेव्हा तो इथे बाद.

सगळ्यांत अवघड साक्ष अगाथा ख्रिस्तीची. तिच्या मागे त्र्याहत्तर वह्या राहिल्या, म्हणजे वही न लिहिणाऱ्यांचं माझं प्रकरण इथे कोसळायला हवं. वह्या उघडल्या की ते सावरतं. क्रम नाही, तारखा नाहीत; कोणतीही वही कुठूनही सुरू होते, आणि कुणाला कोणतं विष द्यायचं त्याच्या आसपास घरच्या खरेदीच्या याद्या. वहीला तिने तिकिटाच्या पायरीवर उतरवून ठेवलं होतं. लिहायची स्वतंत्र खोली तिने बरीच वर्षं केली नाही. झोपायच्या खोलीतलं हात-तोंड धुण्याचं संगमरवरी टेबल, नाहीतर दोन जेवणांच्या मधल्या वेळात जेवणाचं टेबल, यांवर टाइपरायटर ठेवला की काम भागे. यातून आपल्याकडच्या कादंबरीकार बायकांचाही उलगडा होतो. त्या कल्पना टिपायला सारसबागेत जाऊन बसलेल्या सहसा दिसत नाहीत. कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिटीच्या मध्ये आलेली कल्पना दळणाच्या चिठ्ठीवर जाते, कारण घरात असूनही टेबलापर्यंत पोहोचता न येण्याची सोय त्यांच्यासाठी समाजाने आधीच करून ठेवली आहे. पुरुष कादंबरीकाराला तेवढ्याचसाठी बसचं भाडं पडतं.

‘पण टिपलं नाही तर विसरेल की,’ हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो, आणि तो घेणारा स्वतः कादंबरीकारच असतो. विसरलेल्या कल्पनेबद्दल तो जितक्या तपशिलाने बोलतो तितका लिहिलेल्या पुस्तकांबद्दलही बोलत नाही. ती सापडली असती तर मराठी कादंबरीचं वळणच बदललं असतं, असं त्याच्या बोलण्यातून सूचित होतं. मेल्या म्हशीला मणभर दूध. टिपलेल्या कल्पना जिवंत असतात, दोहता येतात, म्हणून तर पंचाईत. चार महिन्यांनी तो ‘काकू. दार. विश्वासघात?’ समोर धरतो तेव्हा कोणाची काकू, कोणतं दार, आणि प्रश्नचिन्ह आपण घातलं की रिफिल अडकली, यांपैकी कशाचाही पत्ता लागत नाही. आणि मनात मुरायचं ते न टिपताही मुरतंच. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टच्या नोकरीत होते. ‘गारंबीचा बापू’ मात्र दापोलीकडच्या कोकणातला. तिथली माणसं त्यांनी काही ट्रामच्या तिकिटावर टिपून आणली नव्हती, ती लहानपणीच आत जाऊन बसली होती. गो. नी. दांडेकर नर्मदेच्या परिक्रमेला गेले आणि जन्मभर गड चढले, ते नर्मदेसाठी आणि गडांसाठी. मागून त्यातून पुस्तकं झाली. आमच्या टिपणबहाद्दराचा क्रम उलटा: हा गडावर जातो तो गडावर गेल्याचं टिपण करायला, आणि पायथ्याच्या पिठलं-भाकरीवरच कागद संपवतो.

मोबाइलने हा सगळा प्रश्न सुटेल अशी नव्या पिढीची आशा होती. एकट्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायची युक्ती कादंबरीकारांनी झटकन आत्मसात केली: बायकोला घेऊन ग्रुप करायचा आणि लगेच तिला काढून टाकायचं. यातून घरात जे खुलासे द्यावे लागले त्यांतच एकेक कादंबरी सुचून वाया गेली. मग ‘सेक्रेटरी पहिल्या प्रकरणातच मेला पाहिजे’ हे टिपण घाईत सोसायटीच्या ग्रुपवर पडतं, आणि त्याला सात अंगठे येतात. आवाज ध्वनिमुद्रित करण्याचा मार्ग आहे, पण परत ऐकताना रिक्षाचा हॉर्न स्पष्ट आणि प्रतिभा अस्पष्ट येते. शेवटी हात तिकिटाकडेच वळतो. जुन्या रंगीत तिकिटांवर कंडक्टरच्या चिमट्याचं भोक नेमकं क्रियापदावर पडायचं. आताचं तिकीट यंत्रातून निघतं. ते शाईने छापलेलं नसतं, उष्णतेने काळ्या होणाऱ्या लेपावर उमटवलेलं असतं. काही महिन्यांत भाडं, तारीख, थांबे पुसट होत जातात. खिशात राहून इस्त्रीखाली गेलंच तर लेपाची बाजू काळीठिक्कर पडते आणि मागचं बॉलपेन तेवढं शाबूत राहतं. परिवहन खात्याने मराठी साहित्याला केलेली ही मदत हेतुपुरस्सर असेल असं वाटत नाही.

मग कादंबऱ्या येतात कुठून? बहुधा दिवाळी अंकाच्या संपादकाच्या फोनवरून. काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने 1909 साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून श्रावण सरता सरता मराठी लेखकाला घरात बसवण्याचं काम संपादक करत आले आहेत. प्लास्टिकच्या पिशवीतल्या चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या जातात, दोन दिवस लावल्या जातात, पुन्हा पिशवीत भरल्या जातात, आणि कादंबरी त्यांच्याशिवाय लिहून होते. ती पुढे वाढवून पुस्तक करायचं ठरतं, प्रुफं येतात. घरात प्रुफं तपासवत नाहीत, म्हणून तो ती घेऊन बँकेत जाऊन बसतो. एकशेअठ्ठावीसाव्या पानाच्या समासात केवढी तरी कोरी जागा असते, शेजारच्या खुर्चीवर दोन पेन्शनर हयातीच्या दाखल्यावरून भांडत असतात, आणि त्याच्याही नकळत पुढच्या कादंबरीचं टिपण तिथे उतरतं: ‘काकूंनी दार उघडलंच नाही तर?’ अक्षरजुळणी करणारा मुलगा कामाला चोख. समासातली दुरुस्ती ओळीत घ्यायची एवढं त्याला शिकवलेलं असतं. पुस्तक बाहेर पडतं. परीक्षक तेवढं एकच वाक्य ठळक टाइपात उद्धृत करतो आणि कथनाच्या या धाडसी विच्छेदाबद्दल लेखकाचं मनापासून अभिनंदन करतो.