ताकाची तल्लफ

१९७७ साल आमच्या घरी दोन कारणांनी गाजलं. आमच्या ग्वाल्हेरच्या गोरखीतल्या शाळेत शिकलेले अटलजी परराष्ट्रमंत्री झाले आणि वर्ष संपता संपता ‘भूमिका’ हा सिनेमा लागला. पहिल्याचे पेढे वाटले, दुसऱ्याचं नाव काढायचीही चोरी. “या गल्लीतून परराष्ट्रमंत्री निघतात आणि तुला नट्यांचे सिनेमे हवेत!” नाना, म्हणजे माझे वडील, कडाडले. नानाही त्याच शाळेतले. तिथून निघाले ते थेट तारखात्यात, पण हे बोलायची सोय नव्हती.

बंदी सिनेमाला होती, पुस्तकाबद्दल कोणी काही म्हटलं नव्हतं. ज्याच्यावर ‘भूमिका’ बेतला ते ‘सांगत्ये ऐका’, हंसा वाडकरांचं आत्मचरित्र, मैत्रिणीच्या मावशीने पुण्याहून आणलं होतं. ते घेऊन मी आजीच्या खोलीत शिरले. आजी लक्षवातींचा नेम धरून बसली होती, आणि एकदा का ती मोजायला लागली की घरातलं कोणी त्या बाजूला फिरकत नसे.

“काय वाचून राहिलीस गं?”

पुण्याच्या पाहुण्यांना या ‘वाचून राहिलीस’ने ठसका लागतो. आम्हाला बाड्याच्या बाजारातून हिंदी ऐकत हिंडून आलं की असंच बोलता येतं.

“हंसा वाडकर,” मी म्हटलं.

“म्हणजे आपली संत सखू?” आजीने दुधाचं बोट पुसून हात जोडले. प्रभातचा ‘संत सखू’ १९४१ चा, त्यात सखू झालेल्या याच हंसाबाई. लश्करातल्या थिएटरात तो आला तेव्हा आजीने तीनदा पाहिला आणि तिसऱ्या खेपेला पदरात नारळ नेला होता. पडद्यापुढे फोडायला मॅनेजरने नाही म्हटलं, म्हणून घरी आणून खोबऱ्याची वडी केली. “मोठ्यानं वाच. संताचं चरित्र मनात वाचू नये.”

सुरुवात सोपी गेली. रतन साळगावकर नावाची मुलगी, घरची ओढगस्त, म्हणून परकराच्या वयात सिनेमात, १९३६ ला पहिला चित्रपट ‘विजयाची लग्ने’. आजी हळहळत होती. पुढे मात्र बाई काही लपवीनात. शब्दांकन अरुण साधूंचं. त्यांनी एखादा पडदा सोडायला हरकत नव्हती, असं त्या आठवड्यात मला फार वाटलं. पुरुष आले की मी पान उलटायची. दारू आली की ‘ताक’ वाचायची.

चौथ्या दिवशी आजीच्या हातातला कापूस थांबला.

“या बाईला ताकाची इतकी तल्लफ, तर घरात कोणी विरजण लावत नव्हतं का?”

“शूटिंगची दगदग, आजी. उष्णता.”

“ताकानं कोणी रडतं का गं रात्री?”

मी पुस्तकात तोंड खुपसलं. आजीने बोट दुधात बुडवलं, एक वात मांडीवर वळली आणि चाळीसच्या ढिगावर ठेवली.

“सखू तरी काय करत होती? पळालीच की पंढरपूरला. सासूनं खांबाला बांधलं तरी पळाली.”

“तिची गोष्ट वेगळी.”

“काय वेगळी? तिच्या जागी विठोबा दळायला बसला, पाणी भरायला गेला. सासूला पीठ वेळेवर मिळालं, म्हणून ती संत. या पोरीच्या कमाईवर अख्खं घर जेवायचं, असं तूच वाचलंस ना परवा? हिच्या जागी उभा राहायला विठोबा कुठनं यायचा? त्याला कॅमेऱ्यापुढे नाचता येतं का?”

विठ्ठल लावणीला उभा राहिलाय असं माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला हसू आवरेना. आजी मात्र हसली नाही. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती या वाड्यात आली होती. पंढरपूर तिने पाहिलं ते साठी उलटल्यावर, तेही नाना सोबत होते म्हणून.

“पहिल्यापासून वाच,” ती म्हणाली. “गाळलेली पानं धरून. मधे मधे दोन-दोन पानं उलटतेस, मला काय कळत नाही?”

“आणि ताक?”

“जे असेल ते वाच. दार लोटून घे आधी.” मग तिने पुढची वात हातात घेतली. “तुझ्या बापाची चाहूल लागली की परत ताक.”