झाकणावरचं स्वातंत्र्य

हिंजवडी, बाणेर किंवा पवईतल्या कुठल्याही कॉफीच्या दुकानात शनिवारी दुपारी डोकावा. माणसं दिसत नाहीत, उघड्या लॅपटॉपची झाकणं दिसतात. एका झाकणावर लिनक्सचा पेंग्विन, शेजारी गिटहबची मांजर, दोघांच्या मधोमध शिवरायांची राजमुद्रा आणि कोपऱ्यात कळसूबाई चढून आल्याचा पुरावा. दुसऱ्या झाकणावर सागवानाच्या रेघा छापलेली विनाइलची स्किन. ॲल्युमिनियमच्या यंत्राला लाकूड म्हणून सजवायला लोक पैसे मोजतात. हीच मंडळी घरच्या लाकडी कपाटाला धातूच्या चमकेचा सनमायका लावून घेतात. असो. लॅपटॉप 'आपला' करून घेण्याचा हा सगळा खटाटोप.

या झाकणांचं बरंच निरीक्षण करून मी एका निष्कर्षाला आलो आहे. वर चिकटवलेलं जितकं जास्त, आतलं बदलण्याची मुभा तितकी कमी. ज्या झाकणावर ओपन सोर्सची घोषणा असते, त्याच यंत्राची रॅम बोर्डाला डाखलेली, बॅटरी गोंदाने बसवलेली आणि तळाचे स्क्रू असे, की घरातला एकही स्क्रू ड्रायव्हर त्यांना लागत नाही. क्रांती झाकणापर्यंत आली आहे. पुढे तिला प्रवेश नाही.

त्यातली बरीच यंत्रं तर स्वतःची नसतातच, नोकरीची असतात. वॉलपेपर बदलायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, पेन ड्राइव्ह लावला की मॅनेजरला मेल जातो. मग हक्काचं उरतं झाकण. राजीनाम्याच्या दिवशी यंत्र परत जातं आणि आयटी विभागातला कुणी पोरगा हेअर ड्रायरने पेंग्विन तापवून सोलून काढतो. मालमत्तेचा बारकोड तेवढा जागेवर राहतो.

लॅपटॉपवरचं पहिलं स्टिकर मात्र आपण लावलेलं नसतंच. तळहाताशेजारी 'इंटेल इनसाइड'चा तो चौकोन. इंटेलने ही मोहीम १९९१ मध्ये सुरू केली. संगणक बनवणाऱ्यांनी आपल्या जाहिरातींत इंटेलचं चिन्ह दाखवायचं आणि त्या जाहिरातींच्या खर्चाचा काही वाटा इंटेलने उचलायचा, असा व्यवहार. मासिकातली जाहिरात महिनाअखेर रद्दीत जाते. तळहाताखालची यंत्राच्या आयुष्यभर टिकते, आणि तळहाताला त्यातला छदाम मिळत नाही. उलट आपणच ती जपतो. "काढलं तर वॉरंटी जाईल का हो?" असं दुकानात विचारणारी माणसं मी पाहिली आहेत. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक दहा वर्षं न काढणारा आपला समाज. त्याला स्टिकर काढायला सांगणं म्हणजे फारच झालं.

राजकारण्यांना या जागेची किंमत लवकर कळली. उत्तर प्रदेश सरकारने २०१३ मध्ये विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले, तेव्हा यंत्र सुरू करताच मुलायमसिंह आणि अखिलेश यादव पडद्यावर दर्शन देत. तमिळनाडूच्या मोफत लॅपटॉपवर जयललिता होत्या. इंटेलने निदान जाहिरातीचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले होते.

झाकण नेमकं कोणासाठी असतं, हा प्रश्न ॲपललाही पडला होता. नव्वदच्या दशकाअखेरच्या पॉवरबुकवर सफरचंद मालकाच्या बाजूने सुलटं होतं. बंद यंत्र मांडीवर घेतलं की मालकाला सरळ, उघडलं की समोरच्याला उलटं. पुढे कंपनीने ते फिरवलं. ज्याने पैसे मोजले त्याला उलटं दिसतं, जगाला सुलटं, आणि पैसे मोजणाऱ्याची याबद्दल काडीचीही तक्रार नाही! त्याच सुमारास त्या सफरचंदात पडद्याच्या मागचा उजेड खेळू लागला. लोकांनी त्याभोवती हिमगौरी चिकटवली, उजळलेलं सफरचंद तिच्या हातात येईल अशा बेताने. २०१५ च्या बारा इंची मॅकबुकपासून तो दिवा विझत गेला आणि हिमगौरीचा धंदा बसला.

आता यंत्र उलटं करू. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपच्या तळाला छोटी दारं असत. एका दाराआड रॅम, दुसऱ्याआड हार्ड डिस्क. बॅटरी तर खटके सरकवले की हातात. या दारांवर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कितीतरी दुकानांचं पोट चालत होतं. (पाटीवर तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. टॅक्सीवाल्याला तसं सांगून पाहा.) तिथल्या काउंटरवर मॉडेल कोणतं असं कुणी विचारत नाही. यंत्र पालथं घालून लेबल वाचतात आणि निदान सांगतात: "प्रोसेसर मस्त आहे, डिस्क म्हातारी झाली. एसएसडी टाका." आणि ते निदान बहुधा बरोबर असतं. जुन्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेत असते आणि हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत प्रोसेसर हात चोळत बसतो. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे वाट पाहणंही जवळजवळ नाही. यंत्र सुरू व्हायला आधी चहा होऊन जायचा, नंतर दूधही तापत नाही.

काढलेली जुनी डिस्कही वाया जात नाही. कुणी वापरत नसलेला डीव्हीडी ड्राइव्ह उपटायचा आणि त्याच्या खाचेत 'कॅडी' घालून ही डिस्क बसवायची. कॅडी ९.५ मिलिमीटरची की १२.७ ची, हे न मोजता गेलेला माणूस परत येतो. रॅमचंही तसंच. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला जुळी भावंडं, खाचही सारखीच. पण एकीला दीड व्होल्ट लागतात, दुसरीला १.३५. चौथ्या पिढीच्या इंटेलच्या बऱ्याच यंत्रांत पहिली घातली की ती बसते झकास, पडदा मात्र काळाच. दुकानदार हे सारं तोंडपाठ सांगतो. थोरल्या बहिणीचा लॅपटॉप धाकट्याच्या इंजिनिअरिंगला पुरवायचा असतो, म्हणून हे चालतं. याला कुणी छंद म्हणत नाही, याचे फोटो कुणी टाकत नाही.

दारं बुजायला सुरुवात झाली जानेवारी २००८ मध्ये, स्टीव्ह जॉब्स यांनी टपालाच्या पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला तेव्हा. टाळ्या पडल्या. रॅम डाखलेली होती, त्यावर टाळ्या नव्हत्या. पण त्यातच आल्या. २००९ मध्ये मॅकबुक प्रोच्या बॅटरीवर पाच पाकळ्यांचा स्क्रू आला, २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी गोंदाने चिकटली. बाकीच्या कंपन्यांनी आधी नाकं मुरडली आणि मग तेच केलं.

इंजिनिअरांची बाजू खोटी नाही, हे सांगायला हवं. कमी विजेवर चालणाऱ्या वेगवान मेमरीला प्रोसेसरच्या अगदी खेटून बसावं लागतं. जुन्या पद्धतीच्या खाचेतून तारा लांबतात आणि तो वेग सांभाळता येत नाही. दिवसभर चालणारी बॅटरी हवी, तर याचा काही भाग पत्करावा लागतो. पण तंत्रज्ञानाच्या या गरजेत दुकानदारीची सोय फार चटकन मिसळली. ॲपलच्या लॅपटॉपला ८ जीबी जादा मेमरी हवी, तर अमेरिकेत वर्षानुवर्षं २०० डॉलर मोजावे लागले. सुटी रॅम त्याच काळात याच्या लहानशा अंशात मिळत होती. नंतर वाढवता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक भीतीपोटी आधीच जास्त घेतो. लॅपटॉप आपल्याजोगता करून घेण्याची संधी हल्ली एकदाच मिळते, ऑर्डर देताना. आणि तिथेही चंदेरी की निळसर, हा प्रश्न सर्वांत वर असतो.

हे ज्यांना सोसत नाही, त्यांचा एक पंथ आहे. दैवत थिंकपॅड. १९९२ मध्ये आयबीएमने आणलेला, रिचर्ड सॅपर यांच्या कल्पनेतला तो काळा ठोकळा, मध्ये लाल ठिपका. २००५ मध्ये तो लेनोव्होकडे गेला आणि २०१२ मध्ये पंथावर आकाश कोसळलं: एक्स२३० या मॉडेलमध्ये कीबोर्ड बदलला. सात ओळींच्या जागी सहा! भाविकांनी आदल्या वर्षीच्या एक्स२२० चा कीबोर्ड आणून नव्या अंगात बसवला. तो थोडा तासला की बसतो, पण काही कळा भलतंच लिहितात. मग कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपचं फर्मवेअर बदलायचं. ते करेपर्यंत वायफायचं कार्ड बदलावंसं वाटतं आणि तिथे कळतं, की कंपनीने मान्य कार्डांची यादी बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरमध्ये, लिहून ठेवली आहे. यादीबाहेरचं कार्ड घातलं, तर १८०२ क्रमांकाची सूचना येते: अनधिकृत कार्ड आहे, यंत्र बंद करून काढून टाका. विकत आपण घेतलेलं यंत्र, विकत आपण घेतलेलं कार्ड, आणि अनधिकृत ठरलो आपण.

त्यावरही उपाय निघाला. यंत्र उघडायचं, आठ पायांच्या बायोस चिपला चिमटा लावायचा, स्वस्तातल्या प्रोग्रामरने आतला मजकूर वाचून काढायचा आणि त्या जागी यादी काढलेला बायोस किंवा सरळ कोअरबूट नावाचं मुक्त फर्मवेअर भरायचं. एक्स२३० मध्ये अशा दोन चिप आहेत, म्हणजे चुकायच्या संधीही दोन. चीनमधल्या ५१एनबी नावाच्या हौशी गटाने तर कमाल केली. २००७ च्या एक्स६१ या मॉडेलच्या सांगाड्यात बसेल असा नवा मदरबोर्डच बनवला, पाचव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसह. कंपनीने जे विकायचं नाकारलं, ते गिऱ्हाइकांनी तयार केलं. लेनोव्होनेही २०१७ मध्ये पंचविशी साजरी करताना थिंकपॅड २५ काढला, सात ओळींच्या कीबोर्डचा. म्हणजे जमत होतं तर!

या पंथाबद्दल मला आदर आहे, थोडी शंकाही आहे. रात्री जागून परिपूर्ण केलेल्या त्या कीबोर्डवर पुढे काय टंकलं जातं, याची चौकशी केली, तर बहुतेक वेळा कीबोर्ड कसा बदलला हेच टंकलेलं सापडतं.

मधली वाट काढली ती निरव पटेल यांच्या फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने. २०२१ मध्ये त्यांनी असा लॅपटॉप बाजारात आणला, की ज्याच्या खोक्यातच स्क्रू ड्रायव्हर असतो. आतल्या भागांवर क्यूआर कोड, तो टिपला की भाग कसा बदलायचा ते समोर. अकराव्या पिढीच्या इंटेल बोर्डाच्या जागी नंतरचा एएमडीचा बोर्ड त्याच सांगाड्यात बसतो, आणि काढलेला बोर्ड छोटा डेस्कटॉप म्हणून चालतो. बारीकही आहे, देखणाही आहे. म्हणजे 'बारीक हवं तर बंदच हवं' हे पूर्ण सत्य नव्हतं. फक्त त्याची पडद्याभोवतीची चौकट चुंबकाने बसते आणि वेगवेगळ्या रंगांत मिळते. आता सगळं उघडायची मुभा असलेले मालक सर्वांत आधी काय बदलत असतील, सांगा पाहू?

कायद्याचं म्हणाल, तर अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीचा कायदा आहे आणि 'हे स्टिकर फाडलं तर वॉरंटी रद्द' अशा अटींबद्दल तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये काही कंपन्यांना लेखी तंबी दिली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. पोर्टलवर कंपन्यांच्या सेवा केंद्रांची माहिती आहे. सेवा केंद्रात गेलं की सांगतात, बोर्डच बदलावा लागेल, त्यापेक्षा नवा घ्या.

आणि या साऱ्यात उघडं राहिलं कोण? सभ्य, सडपातळ, राखाडी यंत्रांनी दारं बुजवली. आणि ज्यांना घरात आणायची लाज वाटावी, त्या गेमिंग लॅपटॉपनी ती ठेवली. वरातीतल्या बँडसारखा लखलखाट, प्रत्येक कळीला १ कोटी ६७ लाख रंगांचा पर्याय, झाकणावर डरकाळी फोडणारा ड्रॅगन. पण तळ उघडा: रॅमच्या दोन खाचा, बऱ्याचदा एसएसडीच्याही दोन, पंखे पुसता येतात, थर्मल पेस्ट बदलता येते. व्होल्टेज कमी करून यंत्र थंड ठेवायची एक युक्ती होती, नागपूरच्या मे महिन्यात फार उपयोगाची. २०१९ मध्ये त्या वाटेने गुपितं चोरता येतात असं संशोधकांनी दाखवलं, आणि इंटेलने ती वाट बऱ्याच यंत्रांत बंद करवली. तेवढं सोडलं, तर आज सुट्ट्या रॅमवर प्रेम असणाऱ्याला बहुतेक वेळा ड्रॅगनकडेच जावं लागतं.

आर्किटेक्चरला गेलेल्या मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला आलेले एक गृहस्थ दुकानदाराला विचारत होते, "हाच, पण जरा साधा, असं काही नसलेला मिळेल का?"

"मिळेल की. पण त्याची रॅम वाढत नाही, काका. याची वाढते."

काकांनी किंमत पाहिली, मुलीकडे पाहिलं, मग बराच वेळ झाकणाकडे पाहत राहिले.

"बरं, यातच तोंड मिटलेला ड्रॅगन आहे का एखादा?"