मापाचं चिलखत

वेस्टरॉसमध्ये कुणी प्रेमात पडलं की त्याची किंमत आसपासची दहा गावं मोजतात. राजपुत्र रेगारने लियानाला पळवून नेली (ती आपखुशीने गेली होती हे उघड होईपर्यंत निम्मी मंडळी मेलेली होती) आणि जवळजवळ तीनशे वर्षं चाललेलं राजघराणं बुडालं. रॉब स्टार्कने ठरलेली सोयरीक मोडून आवडलेल्या मुलीशी लग्न केलं, तर चिडलेल्या सोयऱ्यांनी त्याला दुसऱ्या एका लग्नाचं आवतण दिलं आणि मांडवातच कापला. बायको, आई आणि वऱ्हाडासकट. अशा मुलखात राहून 'गेम ऑफ थ्रोन्स'मधले सर जेमी लॅनिस्टर आणि टार्थची ब्रिएन दुसऱ्या पर्वापासून आठव्या पर्वापर्यंत प्रेमाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. लोक याला घुमेपणा म्हणतात. मी व्यवहारज्ञान म्हणते.

जेमी राजाच्या अंगरक्षक पथकातला. त्या पथकात शिरताना लग्न करणार नाही, जमीनजुमला घेणार नाही अशी शपथ घ्यावी लागते. हा देखणा गडी शपथ घेऊन ज्याला राखायचं त्याच राजाला मारून मोकळा झाला, म्हणून सगळा मुलूख त्याला 'किंगस्लेअर' म्हणून हिणवतो. ब्रिएन सहा फूट तीन इंच उंच; ती भूमिका करणारी ग्वेंडोलिन क्रिस्टी खरोखरच तेवढी आहे. भल्याभल्यांना लोळवणारी, शब्दाला जागणारी, विनोद न कळणारी. नाइट व्हायची सगळी लायकी अंगात, पण बाईला नाइट करायची पद्धत नाही. कैदेतल्या जेमीला बांधून राजधानीत पोचवायचा आणि बदल्यात स्टार्कांच्या दोन मुली परत आणायच्या, हे काम तिच्याकडे येतं. वाटभर तो तिच्या रूपावरून, उंचीवरून टोमणे मारतो आणि ती दोरीला हिसका देते. पुढे काय होणार हे मला इथेच कळलं होतं. ज्या माणसाशी आपला संबंध नाही त्याच्याशी इतकं मन लावून कोण भांडतं?

आठवं पर्व यायच्या आधी मी मागचं सगळं पुन्हा बघायला घेतलं, तेव्हा सासूबाई येऊन बसल्या त्या अस्वलामुळे. तिसऱ्या पर्वात शत्रूच्या हाती सापडलेल्या ब्रिएनला लाकडी तलवार देऊन अस्वलाच्या खड्ड्यात ढकलतात, तो भाग. (अस्वल खरं होतं. त्याचं नाव बार्ट. त्या भागाची पटकथा खुद्द मूळ कादंबरीकार जॉर्ज मार्टिन यांची आहे.) सासूबाई पडद्यासमोरून देवघरात निघाल्या होत्या, त्या निरांजन हातात घेऊन तिथेच थबकल्या. "अगं, ही कोण? हिला वाचवायला कुणीच नाही का?" एवढ्यात, सुटून पुढे निघून गेलेल्या जेमीने परत येऊन खड्ड्यात उडी मारली. हातात शस्त्र नाही. हातच एक, कारण उजवा मनगटापासून आधीच तोडलेला. सासूबाईंनी निरांजन टीपॉयवर ठेवलं ते ठेवलंच.

"का आला हा परत?" त्यांनी विचारलं.

ते सांगणं सोपं नव्हतं. आधी याच गुंडांच्या तावडीतून तिची अब्रू वाचवावी म्हणून जेमीने थाप मारली होती, की हिचा बाप नीलमांच्या राशीवर बसलाय, हिला धक्का लावू नका. टार्थला नीलमचं बेट म्हणतात ते तिथल्या निळ्याशार पाण्यामुळे. नीलम औषधालाही नाही. बापाने बिचाऱ्याने तीनशे सोन्याची नाणी देऊ केली, ती या लोकांनी धुडकावली, कारण त्यांना नीलम हवे होते. म्हणजे जेमीच्या थापेने ती वाचली आणि त्याच थापेने अस्वलापुढे गेली. कादंबरीत तो का परतला याचं कारण आहे: त्याला ती स्वप्नात दिसते, आणि तसं तो तिला सांगतोही. मालिकेत स्वप्न गाळलंय. तिथे तो काहीच कारण देत नाही, आणि मला ते जास्त पटतं. अस्वलाच्या खड्ड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या बाईला स्वप्नं काय सांगायची?

त्याच्या जरा आधीचं हॅरनहॉल किल्ल्यातलं स्नानगृह मी सासूबाईंना नंतर दाखवलं, थोडं पुढे ढकलत ढकलत, कारण दोघंही हौदात आहेत आणि हौदात माणसं जशी असतात तशीच आहेत. पण तो सगळ्या मालिकेतला माझ्या मते सर्वांत निर्मळ प्रसंग आहे. तापाने फणफणलेला जेमी तिला आजवर कुणालाही न सांगितलेलं सांगतो. वेडा राजा शहरभर रानटी आग पेरून सगळी प्रजा जाळायला निघाला होता, म्हणून त्याला मारला. सांगता सांगता त्याची शुद्ध हरपते. ती त्याला सावरून धरत ओरडते, "धावा, किंगस्लेअर!" आणि तो पुटपुटतो, जेमी, माझं नाव जेमी. आपल्याकडे नाव घ्यायला नवरीला दारात अडवून धरतात. इथे गडी बेशुद्ध पडता पडता स्वतःच नाव घ्यायला सुचवतो. आणि दोन भागांनंतर निरोप घेताना ती 'सर जेमी' म्हणते. सासूबाई म्हणाल्या, "घेतलं गं बाई नाव."

इथून पुढे मी दुभाषी झाले. सासूबाईंना अक्षरं वाचता येतात, पण खालच्या इंग्रजी ओळी पळतात फार, आणि ती माणसं बोलतात पुटपुटत. त्यामुळे कोण काय म्हणालं हे माझ्या तोंडून त्यांच्यापर्यंत जाई, आणि त्यातच माझी सोय होती. कारण जेमीची जुळी बहीण, राणी सर्सी, हिचं आणि जेमीचं जे नातं आहे ते मी सासूबाईंना कोणत्या तोंडाने सांगणार होते? पहिलं पर्व त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पुढे काही आलंच तर नेट जाई. सर्सी जेमीच्या कानाशी लागून काही बोलली की मी "घराकडे लक्ष दे म्हणतेय" असं भाषांतर करत असे. तेही एका अर्थी खरंच होतं.

परिणाम असा झाला, की मी पाहत होते त्याहून फार सोज्वळ मालिका सासूबाई पाहत होत्या. जेमी भाचीला आणायला थेट डॉर्नपर्यंत गेला, ती जहाजावर त्याच्या मिठीत गेली, तेव्हा त्यांनी डोळे पुसले. "मामा असावा तर असा," म्हणाल्या. मी पाणी आणायला उठले.

सर्सीबद्दल मात्र त्यांचं मत पहिल्यापासून पक्कं होतं. चौथ्या पर्वात राजाच्या लग्नात सर्सी ब्रिएनला बाजूला गाठते, गोड बोलत बोलत एकेक धागा उसवते आणि शेवटी तोंडावरच म्हणते, की तुझं त्याच्यावर प्रेम आहे. ब्रिएन गप्प. अस्वलापुढे उभी राहिलेली बाई लग्नाच्या मांडवात घामाघूम होते. मी भाषांतर करायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "नणंद आहे. कळतंय." त्यांची लेक, म्हणजे माझी नणंद, दर सुट्टीत आमच्याकडे येते. त्यामुळे या विषयावर मी काही बोलले नाही.

मग तलवार. जेमी ब्रिएनला व्हॅलिरियन पोलादाची, सिंहाच्या मुठीची तलवार देतो. रॉबच्या बापाची, नेड स्टार्कची वडिलोपार्जित तलवार वितळवून ती घडवलेली. तिनेच नेडच्या मुलींचं रक्षण कर म्हणतो. म्हणजे कामच सांगतो. मग निळसर झाक असलेलं नवंकोरं चिलखत दाखवतो आणि माप बरोबर असेल अशी आशा व्यक्त करतो. बाकी कुणाला हा प्रसंग लष्करी वाटेल. मी तो थांबवून थांबवून पाहिला आहे. खांदा, कंबर, दंड, सगळं चपखल! त्या मुलखात शिंपी कोण, लोहार कोण, त्याला माप सांगितलं कुणी? या माणसाने ते नजरेने घेतलंय, लक्षात ठेवलंय, आणि डाव्या हाताने खाणाखुणा करत लोहाराला समजावलंय. आमच्याकडे लग्नाला इतकी वर्षं होऊन चपलेचा नंबर फोन करून विचारला जातो. ब्रिएन तलवारीचं नाव ठेवते ओथकीपर, शब्द पाळणारी. दोघं एकमेकांकडे बघतात, ती घोड्यावर बसते आणि जाते. एवढं सगळं झालं आणि दोघांच्याही शपथेला कुठे ओरखडा नाही.

सहाव्या पर्वात रिव्हररनच्या किल्ल्यापाशी ते समोरासमोर येतात, तेही विरुद्ध बाजूंनी. ती तलवार परत करू बघते, तो घेत नाही. ती तुझीच आहे म्हणतो. रात्री ती तिच्या हाताखालच्या पॉड्रिकबरोबर होडीतून निसटताना तो वर तटावर उभा असतो. पहारेकऱ्यांना आवाज द्यायचा सोडून हात हलवतो. ती होडीतून हात हलवते. "स्टेशनवर सोडायला आल्यासारखा," सासूबाई म्हणाल्या.

याच पर्वात टॉर्मंड येतो. लाल दाढीचा, उत्तरेकडचा जंगली गडी, जेवता जेवता ब्रिएनकडे टक लावून नुसता चघळतच राहतो. सासूबाईंना तो स्थळ म्हणून बरा वाटला. "खातो जरा बकाबका. पण मनात एक आणि तोंडात एक असं नाही. आणि पुढेमागे बहीणबिहीण कुणी दिसत नाही."

आठवं पर्व 2019च्या एप्रिल-मे महिन्यांत आलं, आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला. लोणच्याचे दिवस. सासूबाई वर्तमानपत्र पसरून विळीवर कैऱ्यांच्या फोडी करायच्या आणि मी ऑफिसची पिशवी मांडीवर घेऊन बसायची. दुसरा भाग, 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स', ब्रायन कॉगमनने लिहिलेला. उद्या मढ्यांची फौज चालून येणार, सगळे मरणार, अशी रात्र. जेमी बहिणीला सोडून उत्तरेला आलाय. तो ब्रिएनला भेटतो आणि म्हणतो, आता मी पूर्वीसारखा लढवय्या राहिलो नाही, पण तुझ्या हाताखाली काम करायला मिळालं तर सन्मान समजेन. मागणी घालायची इतकी अदबशीर रीत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. नोकरीचा अर्ज आहे तो!

रात्री शेकोटीभोवती दारू पीत बसलेले असताना टॉर्मंड विचारतो, ही नाइट का नाही? बायका होत नाहीत म्हणे. मग गेली खड्ड्यात ती रीत. जेमी उठतो. कुठलाही नाइट दुसऱ्याला नाइट करू शकतो, म्हणतो, आणि तलवार उपसतो. ब्रिएन आधी हसण्यावारी नेते. मग पॉड्रिककडे बघते. तो मान हलवतो. ती गुडघे टेकते. जेमी डाव्या हातातली तलवार तिच्या एका खांद्याला, मग दुसऱ्या खांद्याला लावतो आणि शूर हो, न्यायी हो, निरपराधांना राख, असं बजावून तिला उठायला सांगतो. उठल्यावर ती जी हसते ना! इतकी वर्षं त्या चेहऱ्यावर कडक इस्त्री होती. आमच्याकडे विळी थांबली होती. या हसण्यासाठी पुढे क्रिस्टीला एमीचं नामांकन मिळालं, आणि तेही कसं, तर वाहिनीने तिचं नाव पाठवलंच नव्हतं. बाईने स्वतः अर्ज भरला. ब्रिएनने तरी दुसरं काय केलं असतं?

माझ्या लेखी या दोघांचं लग्न त्या शेकोटीपाशी लागलं. मालिकावाल्यांना मात्र धीर निघाला नाही. चौथ्या भागात मेजवानी होते, पिणं होतं आणि दोघं एका खोलीत जातात. त्याच मेजवानीत टेबलावर कॉफीचा आजच्या काळातला कागदी कप राहून गेला होता आणि जगभर त्याचा बोभाटा झाला. नंतर तो कप त्यांनी संगणकावर पुसून टाकला. मला विचाराल तर कप राहू दिला असता आणि खोली पुसली असती.

कारण त्याच भागात जेमी रात्री घोड्यावर खोगीर चढवतो. ब्रिएन नुसत्या अंगरख्यावर अंगणात धावत येते, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरते, थांब म्हणते. बाई रडते. त्याच्यापायी रडायचं तेवढं राहिलं होतं, तेही उरकून घेतलं.

"काय म्हणतोय तो?"

मी अडखळले. "बहिणीकडे जातो म्हणतोय. ती संकटात आहे."

सासूबाईंनी अर्धी कैरी परातीत टाकली. "बायको रडतेय दारात, आणि हा बहिणीकडे निघाला? अर्ध्या रात्री? सकाळी गेला असता तर काय झालं असतं?" जरा वेळाने विळी मिटत म्हणाल्या, "नणंदेने घर मोडलं बघ." हे त्या माझ्या देखत, माझ्या घरात, पूर्ण शुद्धीत म्हणाल्या, याची मी मनाच्या वहीत नोंद करून ठेवली.

नोंदीवरून आठवलं. शेवटच्या भागात ब्रिएन अंगरक्षक पथकाची प्रमुख झालेली असते आणि पथकाच्या जाडजूड पांढऱ्या पोथीत जेमीचं पान उघडते. चौथ्या पर्वात तो छळवादी पोरगा राजा जॉफ्री याच पानावरून जेमीला हसला होता, की जागा बरीच रिकामी आहे म्हणून. ती ते पान भरते. अमुक किल्ला घेतला, अमुक लढाईत लढला, उत्तरेला येऊन मढ्यांशी झुंजला, राणीचं रक्षण करताना मेला. अक्षर शाळामास्तरांनी कौतुक करावं असं.

"स्वतःचं नाव कुठे लिहिलं तिने?"

"नाही लिहिलं, आई. कार्यालयीन वही आहे ती."

"वही कसलीही असो," त्या म्हणाल्या, आणि मग विचारात पडल्या. "पुस्तकावरून काढलंय ना हे? पुस्तकात काय केलंय?"

इथे मला खरोखर चांगली बातमी देता आली. 2005 सालच्या कादंबरीच्या शेवटाला सर्सी संकटात सापडते, जेमीला पत्र धाडते, असशील तसा ये. जेमी पत्र वाचतो आणि जाळून टाकायला सांगतो.

"जाळलं?"

"जाळलं. आणि पुढच्या पुस्तकात ब्रिएन येते, तेव्हा हातातलं काम सोडून तिच्याबरोबर निघतो."

"मग?"

"मग काही नाही. ते पुस्तक 2011मध्ये आलं. पुढचं लिहून व्हायचंय. लेखक सत्तरीचे आहेत."

सासूबाई स्वतः त्याच वयाच्या. फोडी पुसून हळद-मीठ लावत त्यांनी बराच वेळ लेखकाच्या वयाचा आणि उरलेल्या कामाचा हिशेब केला असावा.

"त्यांना म्हणावं, घाई करू नका," त्या म्हणाल्या. "पण आधी नणंदेला उजवून टाका. तो बोटीवाला मागे लागला होता तिच्या, तो काय वाईट होता?"